ग्राफची वही, पाच मीटरचा टेप आणि कल्पित जगातली घरं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीत घेतलेली २०० पानी ग्राफची वही परवा संपली. माझ्या कादंबरीतल्या तीन लोकसमूहांची घरं, गावं आणि रीतीभाती त्या वहीत उभ्या राहिल्या. सोबत होता स्टीलचा पाच मीटरचा टेप. त्याआधी वर्षभर मी जग रचण्याचं एक सॉफ्टवेअर पैसे भरून वापरत होते. त्यात देव, सण, राजवंश, पोशाख असे रकाने होते. ते भरून चाळीस पानं माहिती जमली, पण त्या जगातली एखादी बाई सकाळी पाणी कुठून आणते, हे मला सांगता येत नव्हतं.

वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट. रेघ मारण्याआधी पानावर तीन गोष्टी लिहायच्या : बांधायला काय मिळतं, पाऊस किती, पाणी कुठे. नाशिकमध्ये राहून हे सुचायला मला इतका उशीर का झाला, कळत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि साठेक किलोमीटरवरच्या सिन्नरला त्याचा पाचवा हिस्साही धड नाही. एका जिल्ह्यात एवढा फरक, आणि मी अख्ख्या खंडाला एकच छप्पर घालून बसले होते!

घाटमाथ्यावरच्या ‘धुकाळ’ लोकांच्या घराला मी आधी मधोमध उघड्या आभाळाचा चौक दिला, कारण चौक मला आवडतो. मग पावसाचा आकडा पाहिला आणि पानावर तिरकी रेघ मारली. आता त्यांचं छप्पर उतरतं आहे, वळचण इतकी खाली की वाकूनच आत जावं लागतं. गुरं, जातं, चूल, म्हातारी माणसं चार महिने एकाच छपराखाली. म्हणून त्यांच्याकडे वर्षाची सगळी भांडणं पहिल्या पावसाआधी मिटवायची रीत आहे. ही रीत मी ठरवली नाही, नकाशातून निघाली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते टेपनं. जुन्या नाशकात माझ्या आजोळच्या वाड्याची डागडुजी चालू होती. सोप्यातल्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं, चार फूट दहा इंच. पुढचंही तेवढंच, त्याच्या पुढचंही. सुतारकाकांना विचारलं, “काका, सगळे खण सारखेच कसे?” ते रंधा न थांबवता म्हणाले, “ताई, लाकूड जेवढं मिळालं तेवढा खण. घर मागून येतं.”

त्या वाक्यावर माझे ‘डोहकर’ उभे आहेत. नदीकाठच्या या लोकांकडे लांब ओंडके होड्यांसाठी राखलेले असतात, घराला उरतं ते आखूड लाकूड. खोल्या अरुंद, म्हणून लग्नं होड्यांच्या छपरीत लागतात आणि श्रीमंत माणसाला ते ‘लांब खणाचा’ म्हणतात.

पठारावरच्या ‘माळव्यां’साठी नाशिकजवळच्या पांडवलेणीत तीनदा गेले. तिथल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग नीट पाहा. कमान, तुळया, कठडे सगळं लाकडी बांधकामाचं, आणि कोरलंय अखंड कातळात. तिथे त्या तुळयांना कसलाच भार पेलायचा नव्हता, तरी हाताला आणि डोळ्याला जुनं घर सोडवलं नाही. माझे माळवेही मूळचे रानातले. आता त्यांची घरं बेसाल्टची आहेत. घनफुटाला ऐंशी किलोच्या घरात वजन, म्हणून दोघांना उचलेल एवढाच चिरा. पण प्रत्येक भिंतीतून तुळईचं खोटं, दगडी टोक बाहेर आलेलं असतं. घरातून निघताना बायका त्याला हात लावतात. का, ते त्यांनाही आठवत नाही.

आकार जसाच्या तसा उचलू नका, त्यामागचं कारण उचला. सुरगाणा-पेठकडच्या कुडाच्या घरांची मापं माझ्याकडे आहेत, पण ती घरं तिथल्या माणसांची आहेत. माझ्या जगात त्यातला फक्त विचार आला : भिंत अशी की ओल धरली तरी घरच्या माणसांना सारवून सावरता यावी.

आणि पूर. गोदावरीचं पाणी किती चढलं हे आपण मीटरमध्ये विचारत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं, गुडघ्याला की कमरेला, असं विचारतो. डोहकरांच्या घाटावर एक दगडी म्हैस आहे. पाणी तिच्या शिंगांना लागलं की वरच्या आळीनं दारं उघडायची, कोण आलं ते विचारायचं नाही.

हे लिहिताना पेन थांबलं. म्हणजे एरवी ती दारं बंद असतात, कोणासाठी? ज्या शहरात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तिथे बसून मी दार नुसतं नक्षीसाठी काढू शकत नाही. तेव्हापासून प्रत्येक नकाशात दाराशेजारी लिहिते : आत कोण, ओटीपर्यंत कोण, बाहेर कोण. कथेतले निम्मे प्रसंग या नोंदींतून मिळाले.

आता उणिवा. वहीत शोधता येत नाही, मागे अनुक्रमणिका आधीच करा. उंची दिसत नाही, डाव्या पानावर नकाशा आणि उजव्या पानावर छेद, म्हणजे घर उभं कापल्यासारखं चित्र, काढावा लागतो. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते, पेन्सिलच बरी. माझ्या वहीची शिवण पाचव्या महिन्यात उसवली. आणि भाषा, गाणी, देव यांच्यासाठी ही पद्धत अपुरी आहे, तिथे दुसरं काही हवं.

तरी सॉफ्टवेअरची वर्गणी मी पुन्हा भरली नाही. दुसरी वही आणली आहे. पहिल्या पानावर डोहकरांचा घाट आहे आणि म्हशीपासून वरच्या आळीपर्यंत पायऱ्या किती, हे अडलंय. भरलेली घागर घेऊन बाई किती पायऱ्यांनंतर थांबते, ते बघायला रविवारी मी स्वतःच घागर घेऊन गोदाघाटावर जाणार आहे.