सिव्हिल कोर्ट मेट्रो: उजेड भरपूर, चढउतारही भरपूर

पाटीवर ‘जिल्हा न्यायालय’, पण रिक्षावाल्याला विचारा ‘सिव्हिल कोर्ट’. शिवाजीनगरच्या जुन्या धान्य गोदामाच्या जागेवरचं हे स्थानक 1 ऑगस्ट 2023 ला सुरू झालं. पुण्यातल्या दोन मेट्रो इथेच भेटतात: वनाज-रामवाडी वरून, पुलावरून, पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका)-स्वारगेट खालून, बोगद्यातून. खालचा फलाट जमिनीखाली जवळपास 33 मीटर आहे.

एवढ्या खोलवर दिवसा छतातून थेट ऊन उतरतं, ही इथली सगळ्यात देखणी गोष्ट. सरकत्या जिन्यावरून खाली जाताना कोंदट वाटत नाही. भुयारी स्थानकाला याहून जास्त मार्क कशाचे द्यायचे?

मार्क कापायचे ते गाडी बदलण्याचे. पुलावरून थेट बोगद्यात उतरायचं म्हणजे जिन्यामागून जिने. गाड्यांमधली वाट बघणं वेगळं. त्यामुळे छोट्या अंतराला हा खटाटोप परवडत नाही. डेक्कनहून मंडईला मेट्रोने जायचं तर आधी संभाजी उद्यान, मनपा, मग इथे उतरा, खाली जा, पुन्हा कसबा पेठ आणि मंडई. एवढ्यात रिक्षा भाजीपाशी पोचते. वनाजकडून शनिवारवाड्याला जाणाऱ्यांनी तर इथवर येऊच नये. मनपाला उतरून ‘नवा पूल’, म्हणजे शिवाजी पूल, चालत ओलांडावा. उलट पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्यांची चैन आहे: 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाल्यापासून गाडी न बदलता, मुठेच्या खालून, थेट पेठांत.

नवखे हमखास चुकतात ते तिकिटात. ‘आधी कोर्टापर्यंत काढू, पुढचं पुढे’ असं करू नका. वनाजहून स्वारगेटला जायचं असेल तर सरळ स्वारगेटचंच काढा, नाहीतर मध्ये गेटबाहेर पडून पुन्हा रांगेत. क्यूआरचं तिकीट शेवटी बाहेर पडताना परत दाखवावं लागतं; कागदी असेल तर चुरगाळू नका, मोबाइलवर असेल तर खाली उतरण्याआधीच उघडून ठेवा.

फलाटाच्या पाटीवर शेवटचं स्थानक वाचा. ‘स्वारगेट’ऐवजी ‘पीसीएमसी’च्या गाडीत चढलात तर शिवाजीनगरला उतरा आणि उलट्या गाडीने परत या. गुडघे दुखत असतील किंवा बॅगा असतील तर आधी लिफ्टची खूण शोधा आणि दहा मिनिटं जास्तीची धरूनच निघा. कोर्टात तारीख असेल तर पंधरा.