चावी मिळाली म्हणजे घर मिळाले असे नव्हे

२०२३मध्ये हिंजवडीत पहिली नोकरी लागली तेव्हा मी आणि माझी मैत्रीण नांदेडहून पुण्यात आलो. दोन महिने पेइंग गेस्टच्या खोलीत चौघींनी दाटीवाटीने काढले होते. वाकडमध्ये जिथे चौकशी करावी तिथे ‘फॅमिलीच हवी, बॅचलर नकोत’ हेच उत्तर मिळत असल्यामुळे, मुलींना आनंदाने फ्लॅट देणारा गृहस्थ भेटल्यावर आम्ही फार खोलात शिरलो नाही.

तो त्याच फ्लॅटमध्ये राहत होता आणि वॉचमन त्याला साहेब म्हणत होता. आपली बंगळुरूला बदली झाल्याचे त्याने सांगितले. भाडे १८ हजार आणि डिपॉझिट ६० हजार ठरले; त्यातले ४० हजार आम्ही यूपीआयने दिले आणि २० हजार, त्याच्या आग्रहावरून, रोख. महावितरणच्या बिलावर वेगळेच आडनाव दिसले, तेव्हा ‘फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे’ हे उत्तर आम्हाला पटले. (आजही स्वतःचा सर्वांत जास्त राग येतो तो इथेच.) ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असे सांगून त्याने ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली.

राहायला गेल्यावर पाचव्याच दिवशी एक जोडपे सामानाचा टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्याकडेही तसाच कागद होता. सोसायटीच्या सचिवांनी नाशिकच्या मूळ मालकीणबाईंना फोन लावला, तेव्हा कळले की तो स्वतःच भाडेकरू होता आणि त्याच्या कराराची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

नोंदणीबद्दल त्याने सांगितले ते साफ खोटे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (घर भाड्याने देताना साधारण हाच करतात), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा आधारशी जोडलेला अंगठा घेतला जातो. तिथे वीजबिलावर नाव असलेल्या ‘सासऱ्यांचाच’ अंगठा आम्ही मागितला असता, तर ती गोष्ट टिकली नसती. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे आमच्या बाबतीत त्या निरुपयोगी स्टॅम्प पेपरइतकेच, पाचशेच्या आसपास, झाले असते.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार केली, पण तोवर त्याच्या खात्यातले पैसे काढले गेले होते, आणि रोख दिलेल्या २० हजारांची तर पावतीही आमच्याकडे नव्हती. मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत राहू दिले. त्यानंतर आम्ही पुन्हा पेइंग गेस्टच्या त्याच खोलीत गेलो.