प्रत्येक घटकाला वेगळा टायमर की सर्वांना मिळून एकच?

वेबपानावरच्या अनेक घटकांतील (माहिती दाखवणाऱ्या भागांतील) ‘लोड होत आहे’ या मजकुरापुढचे ठिपके हलवण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा करणारा जावास्क्रिप्टमधील टायमर) द्यावे की सर्वांसाठी एकच ठेवावे, असा प्रश्न एका सहकाऱ्याला पडला आहे. स्वतंत्र टायमर लिहायला सोपा असतो. मात्र प्रत्येकाचा आयडी (टायमर थांबवण्यासाठी लागणारा त्याचा क्रमांक) वेगळा जपावा लागतो, कारण सर्वांचे आयडी एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवले तर नवा आयडी आधीचा पुसून टाकतो, शेवटचाच टायमर थांबतो आणि बाकीचे ठिपके आलेल्या माहितीवरही उमटत राहतात. ही चूक मला सर्वांत घातक वाटते. सामायिक टायमरमुळे सर्व ठिपके एका लयीत हलतात. त्यासाठी माहितीची वाट पाहणारे घटक एका सेटमध्ये (संग्रहात) ठेवायचे, माहिती आलेला घटक त्यातून काढायचा आणि सेट रिकामा झाला की टायमर थांबवणारे क्लिअरइंटरव्हल एकदाच वापरायचे. वेगवेगळ्या गतीच्या दोन-तीन घटकांसाठी स्वतंत्र टायमर योग्य आहेत. घटक अनेक असतील किंवा मागाहून वाढणार असतील, तर सामायिकच घ्यावा.