अलकापुरीतला पर्सनल ट्रेनरचा वीकेंड कोर्स : थिअरी झकास, प्रॅक्टिकल फुसकं

इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. मी बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला एका जिममध्ये लेडीज बॅच घेते, आता मोठ्या जिमवाले पहिल्यांदा सर्टिफिकेटच विचारतात म्हणून हा शनिवार-रविवारचा कोर्स केला. फी जीएसटी धरून ३० हजारांच्या वर जाते.

एक्सरसाइज सायन्स शिकवणारे सर एक नंबर आहेत. अर्धं हिंदी अर्धं गुजराती, मध्येच मला "ताई समजलं ना" असं मराठीत, पण विषय पक्का. स्पेसिफिसिटी शिकवायला त्यांनी सरळ गरबाच घेतला. श्रावण लागला की आमच्याकडे बायकांची रांग लागते, नवरात्रात रोज खेळायचंय, स्टॅमिना वाढव म्हणून, आणि बहुतेक जिममध्ये त्यांना ट्रेडमिलवर चढवून देतात की झालं काम. आता शरीर ज्या कामाला लावाल त्याच कामात तयार होतं ना, ट्रेडमिलवर दम वाढेल पण गरब्यात बाजूला उड्या, गिरक्या, चवड्यांवर भार, त्या पिंढऱ्या आणि घोटे कोण तयार करणार? मग पाचव्या माळेला पिंढरी धरून बसतात. सरांनी बोर्डवर आठ आठवड्यांचा प्लॅनच मांडला, आधी काफ रेज आणि साइड लंज, मग साइड शफल, मग छोट्या उड्या आणि शेवटी दोन-तीन मिनिटांचे राउंड गरब्याच्याच तालावर, आणि दर आठवड्याला वजन, रेप्स (किती वेळा करायचं ते), वेळ यातलं एकच काहीतरी वाढवायचं, सगळं एकदम नाही. आणि नवरात्र संपलं की दिवाळी, मग उंधियू, जानेवारीपर्यंत कोणी फिरकत नाही, तिथे रिव्हर्सिबिलिटी, म्हणजे व्यायाम सुटला की कमावलेलं उतरतं, हे शिकवून झालं. दम दोन-चार आठवड्यांतच उतरायला लागतो, ताकद त्यापेक्षा बरीच टिकते. हे मी माझ्या बॅचमध्ये बघतेच, आता कारण माहीत आहे.

ओव्हरलोडसाठी, म्हणजे भार हळूहळू वाढवत न्यायचा यासाठी, मात्र तोच तो ग्रीक पैलवान मिलो आणि त्याचं वासरू, रोज उचलायचा, ते वाढत गेलं तशी याची ताकद वाढली म्हणे. अहो, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा इथे आपल्या गावात आहे, जोर-बैठका चढत्या क्रमाने कशा वाढवायच्या हे तिथल्या वस्तादांना कोणी शिकवायला लागलं नाही, एक स्लाइड त्यावर टाकायला काय हरकत होती? डॉ. थॉमस डीलॉर्म यांची गोष्ट मात्र आवडली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे पाय पुन्हा कामाला लावायला त्यांनी वजनं वापरली आणि १९४५ मध्ये ती पद्धत छापून आणली. जेमतेम १० वेळा उचलता येईल असं वजन आधी शोधायचं, मग त्याच्या निम्म्या, पाऊण आणि पूर्ण वजनाने १०-१० चे तीन सेट, हे नंतर ठरलं. आपण जिममध्ये डोळे मिटून तीन सेट दहा रेप्स सांगतो त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

सगळ्यात कामाचं लेक्चर हार्ट रेटचं. माझ्या बॅचमधल्या एका काकूंचंच उदाहरण घातलं मी, वय ५५, सकाळी उठल्यावर पल्स ७२. २२० वजा वय म्हणजे १६५, हा मॅक्सिमम हार्ट रेट, आणि त्याचे ६० टक्के काढले तर ९९ येतात. तेच कार्व्होनेनच्या फॉर्म्युल्याने काढा, १६५ मधून ७२ वजा, उरले ९३, त्याचे ६० टक्के साधारण ५६, त्यात ७२ परत मिळवले की १२८! दोन्हीकडे साठच टक्के, पण एकात काकू चालत चालत गप्पा मारतील आणि दुसऱ्यात घाम काढतील. शिवाय २२० वजा वय हा आकडाच मुळात ढोबळ आहे, खऱ्या मॅक्सिमममध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यावर मी म्हटलं काकूंना बीपीची गोळी चालू आहे, तर सरांनी लगेच कुठली ते विचारलं. बीटा ब्लॉकर असेल, म्हणजे एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, तर पल्स दाबलेलीच राहते, मग १२८ गाठायच्या नादात बाईला फेस येईल. तिथे घड्याळ बाजूला ठेवायचं आणि बोर्गचा ६ ते २० चा स्केल वापरायचा, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतंय त्याचा आकडा तिलाच सांगायला लावायचा, किंवा सरळ बोलत ठेवायचं, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. नुसत्या यासाठी सुद्धा मी पैसे दिले असते.

व्यायामानंतर अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे, हे भूतही उतरवलं. ते व्यायामानंतर तासाभरात निघून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात ते स्नायूंच्या बारीक इजेमुळे, विशेषतः वजन हळू खाली आणताना होणाऱ्या. आमचे सिनियर अजून मानत नाहीत, जाऊ दे.

आता रडगाणं. प्रॅक्टिकल म्हणजे सगळ्या बॅचमध्ये एक बारबेल आणि दोन मॅट. स्क्वॉट करणाऱ्याचे गुडघे आत पडतायत का, टाच उचलतेय का, हे पन्नास वेगळी माणसं बघितल्याशिवाय डोळ्यात बसत नाही, इथे आम्ही एकमेकांचेच फोटो काढले आणि झालं असेसमेंट. सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायचा सराव करायचा, डमी एकच, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि किमान ५ सेंटीमीटर खोल हे पाठ झालं, हाताला सवय काही झाली नाही. एक अख्खी दुपार प्रोटीन पावडर विकणाऱ्या पाहुण्याने खाल्ली. आणि ते शंभर टक्के प्लेसमेंट? व्हॉट्सॲप ग्रुपवर जिमच्या नंबरांची यादी टाकतात, त्याला प्लेसमेंट म्हणतात.

आणि बायकांसाठी एक स्लाइड, एक! प्रेग्नन्सी, मेनोपॉज, हाडं ठिसूळ होणं, सगळं "स्पेशल पॉप्युलेशन" मध्ये कोंबलेलं. मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं झपाट्याने झिजतात, त्या वयात वजनांचा व्यायाम सगळ्यात गरजेचा, पण नेमक्या त्याच बायका डंबेल दिसला की "नको गं, हात जाड होतील" म्हणतात. त्यांना कसं समजवायचं, किती वजनाने सुरुवात करायची, हे आम्हाला हवं होतं. विचारलं तर सर म्हणाले ते ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये आहे, म्हणजे फी वेगळी.

थिअरीला पाचपैकी साडेचार, प्रॅक्टिकलला दीड. आधीच फ्लोअरवर काम करत असाल तर जरूर करा, रोजची माणसं समोर असतात, शिकलेलं सोमवारी वापरता येतं. एकदम नवे असाल तर आधी कुठल्यातरी जिममध्ये चार-सहा महिने फुकट का होईना उभे राहा आणि मग फी भरा. पैसे दोन हप्त्यांत घेतात पण स्वतःहून सांगत नाहीत, विचारायला लागतं. पार्किंग नाही, टू-व्हीलरनेच जा.