अर्धवट पडलेली पद्मिनी पुरी करायची आहे: पुण्याला पाठवावी, सोलापुरातच करावी, की डोनर गाडी घ्यावी?

खोलून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे अडकते. आधी पत्रा आणि रंगाला हात घातला जातो, निम्म्याहून जास्त पैसे तिथेच संपतात, आणि इंजिन, ब्रेक, वायरिंग गोणीत भरून शेडच्या कोपऱ्यात पडून राहतं. अशी गाडी पुरी करायच्या तीन वाटा इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. उदाहरण पद्मिनीचं असलं तरी फियाट ११०० डिलाइट आणि प्रेसिडेंटलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

एक रुपया घालण्याआधी आरसी बघा

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. नाव कोणाचं आहे, नोंदणी कधी संपली आणि तिथला चेसिस नंबर गाडीवरच्या चेसिस प्लेटशी जुळतो का, एवढं तपासा. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. तो वारला असेल तर वारसाचा फॉर्म ३१ आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. पत्रा कितीही चांगला निघाला, तरी सही करणारा सापडत नसेल तर काम पुढे नेऊ नका.

सरकारी खर्च पहिल्यापासूनच हिशोबात धरा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. शिवाय केंद्रीय नियमांत चारचाकीला उशिराच्या दर महिन्यामागे ५०० रुपये आहेत. नोंदणी संपून ६ वर्षं झाली असतील तर ७२ महिन्यांचे ३६,००० इथेच झाले. त्यावर पर्यावरण कर, विमा आणि एचएसआरपी पाटी. हा आकडा ऐकून पुष्कळजण हबकतात, म्हणून तो रंगकामाच्या आधी ऐकलेला बरा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज नोंदणीचा पर्याय २०२१ पासून आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला असेल तर हा रस्ता बंदच. रविवारी अक्कलकोट किंवा तुळजापूरला घरच्यांना घेऊन जायचं असेल तर साधं नूतनीकरणच कामाचं.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे अख्खी गाडी कॅरियरवर चढवून पुण्या-मुंबईच्या रिस्टोअररकडे देणं. जबाबदारी एकाच माणसाची, रंगाला बूथ, आणि हाताखालून अशा गाड्या गेलेल्या असल्याने दरवाजा कुठे अडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. अडचण बिलाची. "पत्रा उघडल्यावर कळेल" असं तो सांगतो आणि ते खरंही असतं. त्यामुळे पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. त्यात दुसऱ्याने खोललेली गाडी घ्यायला रिस्टोअरर नाखूष असतात. कोणता बोल्ट कुठला, कोणती पट्टी हरवली, हे शोधण्यातच त्यांच्या माणसांचे दिवस जातात आणि ते दिवस तुमच्या बिलात येतात. पुणे साधारण २५० किलोमीटर. काम बघायला गेलं की दिवस मोडतो, आणि जाणं बंद झालं की तुमची गाडी रांगेत मागे सरकते. हाताशी पैसा आहे, वेळ नाही आणि गाडीचे सगळे भाग शाबूत आहेत, अशांनीच ही वाट धरावी.

दुसरी वाट सोलापुरातच तुकड्यातुकड्याने काम करून घेण्याची. इंजिनचं मशीनकाम एकाकडे, जोडणी फिटरकडे, पत्रा डेंटरकडे, वायरिंग इलेक्ट्रिशियनकडे, सीट कुशनवाल्याकडे. या सगळ्यांना धरून ठेवणारे तुम्ही. सोलापूरची ताकद लेथवर आहे. यंत्रमाग, ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या जिवावर इथली मशीन शॉप्स चालतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, पितळी बुश काढणं, ड्रम टर्निंग ही इथली रोजची कामं, आणि त्यासाठी पुण्याला जायचं काहीच कारण नाही. (जगभरच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवणारा मोठा कारखाना याच शहरात आहे, एका पद्मिनीच्या कॅमसाठी मात्र मशीन शॉपमध्येच जायचं.) कमकुवत बाजू पत्र्याची. इथल्या बहुतेक डेंटरांचा हात अपघाताच्या गाड्यांवर बसलेला आहे. ठोकून सरळ करायचं आणि लांबी (पुट्टी) भरायची. सडलेला भाग कापून नवा पत्रा घडवणं हे वेगळं कसब आहे, आणि माणूस निवडताना तेच तपासायचं.

तिसरी वाट डोनर गाडीची, म्हणजे सुट्या भागांसाठी दुसरी भंगारातली पद्मिनी घेण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली आणि टॅक्सीमधून येणाऱ्या मालाचा झरा आटला. आता डोनर घ्यायची तर गावाकडची, उभी राहिलेली, आरसीसकट. हरवलेल्या वस्तूंची यादी लांब असेल तर ती परवडते: काचेची हँडलं, दरवाज्याची कुलपं, स्टिअरिंगवरच्या गिअरची लिंकेज, क्रोमच्या पट्ट्या, मागची काच. या वस्तू एकेक करून शोधायच्या म्हटलं तर वर्षं जातात. फक्त इंजिन किंवा ब्रेकसाठी डोनर घेऊ नका. तिचं इंजिनही तुमच्याइतकंच झिजलेलं असणार. आणि भाग काढून झाल्यावर तिची नोंदणी आरटीओत रद्द करून घ्या, नाहीतर कराची नोटीस जुन्या मालकाला जाते आणि तो तुमच्या दारात येतो.

सोलापुरात राहणाऱ्याला आमच्या मते दुसरीच वाट सगळ्यांत स्वस्त आणि पुरी होण्यासारखी आहे. अट एकच, क्रम उलटा करायचा: आधी चालू, मग थांबू, मग दिसू. इंजिन आणि ब्रेक झाले की गाडी स्वतःच्या चाकांवर डेंटरकडे जाते, परत येते आणि अडगळ म्हणून पडून राहत नाही. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, तिथेही हाच क्रम उपयोगी पडतो.

दिवसांचा हिशोब

मजुरीचे दर दोन महिन्यांत बदलतात, माणसाचे दिवस फारसे बदलत नाहीत. खोलून ठेवलेल्या पण बऱ्यापैकी पत्र्याच्या पद्मिनीला साधारण एवढे दिवस धरा: पत्रा आणि वेल्डिंग १५ ते २५, लांबी-घासाई-रंग १२ ते १५, इंजिन जोडणी ५ ते ६, ब्रेक आणि सस्पेंशन ५, वायरिंग ३ ते ४, कुशन ३, आणि काचा, दरवाजे, बिडिंग रबर बसवायला ६ ते ८. मिळून ५० ते ६५ दिवस. तुमच्या भागातल्या मिस्त्रीच्या रोजाने गुणा, सामान आणि मशीनकाम वर धरा. निम्मे दिवस पत्रा-रंगात जातात हे इथे दिसतंच. वाचवायचं असेल तर तिथे. बोल्ट खोलणं, जुना रंग खरवडणं, अंडरकोट काढणं ही घरच्या घरी होणारी कामं आहेत आणि त्यात मिस्त्रीचे ६-७ दिवस वाचतात. वेल्डिंग, ब्रेक पाइपचं फ्लेअरिंग (टोक पसरवणं) आणि रंगाचा शेवटचा हात घरी करू नका.

पत्रा: स्क्रू ड्रायव्हरने बघायचा

सोलापूरच्या कोरड्या हवेचा या गाड्यांना फायदा आहे. मुंबईत राहिलेल्या गाडीपेक्षा इथल्या गाडीचा पत्रा बरा निघतो. तरी पाच जागा बोथट स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून टोचा: दोन्ही फूटबोर्ड (दारांखालची पट्टी), पायाखालच्या मॅटखालचं फ्लोअर, बॅटरी ट्रेच्या खालचा भाग, डिकीत स्टेपनीची जागा, आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला बसतात तो कोपरा. टोक आत गेलं किंवा करकर आवाज येऊन पापुद्रे निघाले की तो भाग कापायचा. पाट्यांच्या कोपऱ्यात कुज निघाली तर काम रंगाचं राहत नाही, जिवावरचं होतं.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार घेते. म्हणून फूटबोर्ड कापण्याआधी दरवाजे बसवलेले हवेत आणि दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टॅक केलेला हवा. हे न करता दोन्ही फूटबोर्ड एकदम कापले की बॉडी मधून बसते आणि मग दरवाजा आयुष्यभर वरच्या कोपऱ्यात घासत राहतो. फ्लोअरला २० गेजचा पत्रा पुरतो, फूटबोर्डच्या आतल्या पट्टीला १८ गेज घ्या. वेल्डिंग सीओटूने (तारेच्या वेल्डिंग मशीनने) करायला सांगा. गॅसने लांब शिवण मारली तर उष्णतेने पत्रा लाटा घेतो आणि त्या लाटा लांबीने झाकल्या जातात. लांबीचा थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की दोन उन्हाळ्यांत भेगा पडतात.

पैसे टप्प्यांवर द्या: सुरुवातीला पाचवा हिस्सा, वेल्डिंग संपल्यावर आणि लांबी लागण्याआधी तुम्ही उघडा पत्रा पाहिल्यावर दुसरा, प्रायमरनंतर तिसरा, बाकी दरवाजे बसल्यावर. उघडा पत्रा न दाखवता लांबी भरली तर पुढचा हप्ता नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

रंगात निवड दोघांतच आहे. ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लवकर सुकतो, त्यामुळे उघड्या शेडमध्येही धूळ कमी बसते आणि टचअप सोपं जातं. पण पॉलिश वरचेवर लागतं आणि तो उन्हात फिका पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) महाग, पण टिकतो. एकरंगी पीयू, म्हणजे वर वेगळा क्लिअर न लागणारा, हा परवडणारा मधला मार्ग. मेटॅलिकच्या वाटेला जाऊ नका. एक मडगार्ड घासलं तरी अख्खी बाजू मारावी लागते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो. तेव्हा दुपारी मारलेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत निम्मा सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. स्लो थिनर वापरायचा आणि सकाळी लवकर हात मारायचा. पावसाळ्यात एनसीवर पांढरट झाक येते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. पीयूच्या हार्डनरमध्ये फुफ्फुसाला घातक आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही.

इंजिन: आधी हाताने फिरवा

१०८९ सीसीचं हे इंजिन साधं आणि दणकट आहे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल मारू नका किंवा ओढून चालू करू नका. जाम झालेल्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात ५० मिलिलिटर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि डिझेल सम प्रमाणात ओता, ४-५ दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं करा. सुटलं की व्हॉल्व्ह कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह हलतात का बघा. एखादा अडकलेला असेल आणि तुम्ही जोर केला तर पुशरॉड वाकतो.

हेड ॲल्युमिनियमचं आहे. इथल्या बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात आणि पाण्याच्या वाटांभोवती हेड खाऊन जातं. सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खाली घुसला तर फेसिंग करा. बोअर मूळ ६८ मिलिमीटर. मशीन शॉपला आधी मोजायला सांगा आणि पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंग करा. उलटं केलं तर ज्या साइझचा बोअर झाला त्याच साइझचे पिस्टन मिळत नाहीत आणि ब्लॉक तसाच पडून राहतो. रखडलेल्या कामांत हा प्रकार फार दिसतो. पुढे पाणी म्हणून कूलंटच भरा.

इंजिन बदलून दुसरं बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो स्वस्त नाही. माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर सगळं बदलतं, आरसीवर नोंद लागते आणि व्हिंटेज नोंदणीचं दार बंद होतं.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं एकच सर्किट आहे, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. डिस्क ब्रेकचे कॅलिपर शोधत बसू नका, कारण चारही चाकांना ड्रमच आहेत: मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, होज आणि लायनर एकदमच नवे घाला. सिलिंडरच्या आत खड्डे असतील तर नुसतं किट टाकून गळती थांबत नाही.

माल कुठून आणायचा

गॅस्केट, लायनर, कार्बोरेटर किट, बेअरिंग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउस भागात विचारा. जुने काढलेले भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. जुना भाग सोबत न्या, नुसत्या नावावर चुकीची वस्तू येते. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी पाइप मात्र जुन्या स्टॉकमधले घेऊ नका. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं, आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. ई२० चालणारा पाइप नव्या गाड्यांच्या दुकानात मीटरवर मिळतो. टाकीतला गंज काढल्याशिवाय नवा फिल्टर टाकून उपयोग नाही, तो आठवड्यात तुंबतो.

पाट्यांच्या कोपऱ्याची कुज, हरवलेल्या वस्तूंची लांब यादी आणि न सापडणारा मालक, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर गाडी विकून टाका. त्या वेळी इंजिन सुटून हाताने फिरत असेल आणि भाग नावाच्या चिठ्ठ्या लावून पिशव्यांत असतील तर घेणारा लवकर मिळतो. सही करणारा असेल तर सह्यांचे फॉर्म त्याच दिवशी पुरे करा आणि नाव बदलल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.