लहान मुलांना समुद्र दाखवायचा तर आधी काय: किनारा, मत्स्यालय, पुस्तक की व्हिडिओ?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना समुद्रातले प्राणी आणि वनस्पती शिकवायच्या तर या चार वाटा आहेत. माझा कौल ओहोटीच्या खडकाळ किनाऱ्याला. तो गाठणं शक्य असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. मूल कडेला उकिडवं बसलं की आधी काहीच दिसत नाही. थोडा वेळ हालचाल केली नाही, की एक शंख चालू लागतो. आत खेकडा असतो. शंख त्याचा नव्हे, मेलेल्या गोगलगायीचा. खेकडा वाढला की तो आणखी मोठा रिकामा शंख शोधतो. हे एकदा पाहिलेल्या मुलाला ‘शंख घरी न्यायचे नाहीत’ हे वेगळं समजवावं लागत नाही. समुद्रशैवालही इथे हाताला लागतं, बुळबुळीत आणि रबरासारखं. त्याच्या तळाशी मूळ नसतं, खडकाला घट्ट धरून ठेवणारी नुसती पकड असते. पाणी आणि क्षार ते सगळ्या अंगानं शोषतं.

किनाऱ्याला जपून जावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात खाली उतरतं. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात, ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडं आधी पोचावं आणि पाणी चढू लागलं की लगेच निघावं. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला हात लावू देऊ नये, मेल्यावरही ती डंख करू शकते. एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं बरी.

मत्स्यालयाची खरी ताकद म्हणजे काचेला चिकटलेला समुद्रतारा. त्याची खालची बाजू, तिथले शेकडो इवले नळीसारखे पाय आणि मधोमध असलेलं तोंड किनाऱ्यावर असं दिसत नाही. पण अनेक टाक्यांतली हिरवळ प्लास्टिकची असते, म्हणून वनस्पतींसाठी मत्स्यालयावर विसंबू नये. शिवाय सगळं एका फेरीत उरकायचा हट्ट नको. दोन-तीन टाक्यांपुढे निवांत थांबलं तरी पुरे.

पुस्तक रोज हाताशी असतं, हवं तिथे थांबता येतं, तेच पान दहादा उलटता येतं. अडचण आकाराची. पानावर देवमासा आणि कोळंबी सारख्याच दिसतात. निळा देवमासा सुमारे 30 मीटरपर्यंत वाढतो. तेवढी दोरी मैदानात अंथरून मुलांना तिच्या कडेनं चालायला लावा, मग पान पुन्हा उघडा. समुद्रगवताचं चित्र असेल तर तिथेही थांबा. ते शैवाल नव्हे, त्याला खरी मुळं आणि फुलं असतात. उलट प्रवाळ आणि फुलासारखं दिसणारं समुद्रफूल हे प्राणी आहेत. पुस्तक निवडताना हा फरक नीट दाखवलाय का, ते मी आधी पाहते.

व्हिडिओ शेवटी. ऑक्टोपस रंग कसा बदलतो, समुद्रघोड्याचा नर पिल्लं कशी बाहेर सोडतो, हे मात्र तिथेच नीट कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला तासाहून जास्त नसावा, कमी असेल तर उत्तमच. म्हणून एकच प्राणी, दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, आणि आवाज बंद ठेवून बोलायचं आपण.

समुद्र लांब असेल तर पुस्तक आणि दोरीपासून सुरुवात करा, मत्स्यालय नंतर.