पोरीची पहिली गाडी दोन सीटची मियाटा: दहा महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये गाडी दारात उभी राहिली तेव्हा आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर ती बघितली आणि एकच विचारलं, "आणि मागचं कुठाय?"

मागचं नाहीच. २०१६ ची माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा. लाल रंग, सहा गिअरची मॅन्युअल, हाताने उघडायचा कापडी टप, सीट दोन. चालवणारी सतरा वर्षांची, आमची लेक. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. आतापर्यंत गाडी साधारण सात हजार मैल फिरली आहे. या काळात ओळखीच्या निम्म्या लोकांनी मला "तुला वेड लागलंय का" हे वेगवेगळ्या शब्दांत विचारून झालंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

तिचा हट्ट मुळात फोर्डच्या मस्टँगचा होता. वर्गातल्या एकाकडे आहे, २०१५ ची जीटी, व्ही-८. ४३५ हॉर्सपॉवर. मी काकांच्या प्रीमियर पद्मिनीवर शिकलो, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. घाटात दुसऱ्या गिअरवर ती रडतखडत चढायची आणि आम्ही एसी म्हणून काचा खाली करायचो. ४३५ हा आकडा ऐकून मला घामच फुटला. सरळ नाही म्हणालो तर वर्षभर तोंड फुगलेलं राहणार, हो म्हणायचा प्रश्नच नव्हता. मग तिलाच म्हटलं, स्पोर्ट्स कारच हवी ना, मग आकडे काढून आण.

आकडे तिने आणले आणि शिकलो मी. मियाटाचं इंजिन दोन लिटरचं, १५५ हॉर्सपॉवर. वजन जेमतेम एक हजार साठ किलो. आणि इथल्या कोणत्याही सज्जन, करड्या रंगाच्या, बापाने निर्धास्तपणे पोराला द्यावी अशा २०१८ च्या कॅमरीत व्ही-६ घेतली तर ३०१ हॉर्सपॉवर! म्हणजे जिला सगळे 'सेफ फॅमिली कार' म्हणतात तिच्यात आमच्या 'स्पोर्ट्स कार'च्या जवळपास दुप्पट ताकद. लोक स्पोर्ट्स या शब्दाला घाबरतात, हॉर्सपॉवरचा आकडा कुणी विचारत नाही.

आता मला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतं ते प्रोबेशनरी लायसन्स. रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ पर्यंत गाडी चालवायची नाही, फोनला हात लावायचा नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही, आणि आईवडील सोबत नसतील तर गाडीत मित्रमैत्रिणींपैकी एकच जण. मोडलं तर शंभर डॉलर दंड. नंबरप्लेटच्या कोपऱ्यात लाल चकाकती पट्टी लावावी लागते, २०१० पासून, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं की आत पोर आहे. पण शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये उभे राहून बघा. पट्टी लावलेल्या सेडानमध्ये चारचार, पाचपाच पोरं कोंबलेली असतात. कायदा एक म्हणतो आणि मागे तीन सीट रिकाम्या, मग "चल ना, तुला सोडते"ला नाही कसं म्हणणार? त्या वयात नाही म्हणणं म्हणजे मैत्री तोडणं. मियाटात हा प्रश्नच येत नाही. दोन सीट, विषय संपला. पोर चांगली वागते की नाही ते नंतर बघू, आधी गाडीत गर्दी होत नाही हे महत्त्वाचं. या वयातले अपघात सोबत मित्र जितके जास्त तितके वाढतात हे इथे वारंवार सांगतात, आणि मला ते स्वतःच्या कॉलेजातल्या दिवसांवरून चांगलंच माहीत आहे.

मॅन्युअलचाही असाच फायदा झाला. पहिले तीन आठवडे हाल होते. क्लच सोडताना गाडी गचके खायची, ओक ट्री रोडच्या सिग्नलला एकदा सलग चार वेळा बंद पडली, मागून हॉर्न, लेकीच्या डोळ्यांत पाणी. मी शेजारी बसून "काही होत नाही, हळू सोड, हळू" म्हणत होतो आणि माझाच उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पण हे अंगवळणी पडल्यावर लक्षात आलं, हिच्या हाताला फोन घ्यायला सवडच नाही. शिवाय तिच्या एकाही मैत्रिणीला क्लच येत नाही, त्यामुळे "मी चालवून बघू?" हा प्रश्न आपोआप बाद.

वेगाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. फोनवरच्या लोकेशन ॲपमध्ये मला तिचा वेग दिसतो. ऑक्टोबरात गार्डन स्टेट पार्कवे या हायवेवर ताशी ८४ मैलांची नोंद आली. माझं डोकं फिरलं, किल्ली दोन आठवडे काढून घेतली. नंतर तारीख जुळवली तर त्या दिवशी ती मियाटात नव्हतीच, आमच्या मिनीव्हॅनमध्ये होती! मियाटात जमीन ढुंगणाखाली एका वितीवर, वारा कानात, इंजिन ओरडतंय, ६० ला ८० वाटतात. व्हॅनमध्ये थंडगार एसीत गाणी ऐकत ८४ ला ६० वाटतात. किल्ली परत दिली, पण "सॉरी" म्हणायला मला अजून दोन दिवस लागले. व्हॅनच्या किल्लीचे दोन आठवडे मात्र पूर्ण करून घेतले.

आता बाप्पांची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. गणपतीला आई आली होती. मूर्ती घरी आणायची, पण लेकीचा आग्रह, बाप्पा माझ्या गाडीतून येणार. टप लावला तर मुकुट छताला टेकत होता, म्हणून टप उघडला. मूर्ती शेजारच्या सीटवर, मागेपुढे उशा, वरून सीटबेल्ट. मी व्हॅन घेऊन मागे. पुढे लाल गाडीत आमची पोर आणि शेजारी पट्टा लावलेले गजानन, कानाला वारा, पितांबर फडफडतंय. सिग्नलला शेजारच्या पिकअपमधला माणूस खिडकी खाली करून बघतच राहिला. कायद्याने एकच प्रवासी, तोही नियमात बसला. लेकीने त्या दिवशी ३५ च्या वर काटा जाऊ दिला नाही.

आईला मात्र त्या गाडीत एकदाच बसवलं. बसणं सोपं होतं, ती आपोआप आत गेली. उठवताना विहिरीतून बादली काढावी तसं दोघांनी ओढून काढलं. "गाडी आहे का पाळणा," म्हणाली आणि पुढचे दोन महिने व्हॅनच्या मधल्या सीटवर ठाण मांडून बसली.

हिवाळा हा या गाडीचा खरा पेपर. मागच्या चाकांवर चालणारी, हलकी गाडी, आणि उन्हाळी टायर. तापमान साताच्या खाली गेलं की त्या टायरचं रबर कडक होतं, पकड जाते. नोव्हेंबरच्या शेवटी चारही हिवाळी टायर टाकले. हा खर्च आधीच धरा, नंतर कुरकुर नको. पहिला बर्फ पडला त्या रविवारी सकाळी शाळेचं रिकामं पार्किंग गाठलं आणि तिला सांगितलं, ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाकं जागेवर गरगरू न देणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद कर आणि वळताना जरा जास्त ॲक्सिलरेटर दे. गाडी अर्धी गरकन फिरली. "बाबा, मागचं टोक पुढे यायला बघतंय!" ती किंचाळली आणि हसायला लागली. तासाभरात घसरणाऱ्या बाजूला स्टिअरिंग फिरवून गाडी सावरायला शिकली. मी तेवीस वर्षं या देशात गाडी चालवतोय, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. जोराचा बर्फ असेल त्या दिवशी मात्र गाडी घरीच, हा नियम आहे. जानेवारीत एकदा तर अंगणात ती दिसेना, बर्फाचा उंचवटा बघून अंदाज बांधावा लागला.

आता वाईट बाजू. यावर मी रात्री जागलोय. फेब्रुवारीत रूट १ वर मी शेजारी बसलो होतो. उजवीकडून एका मोठ्या ट्रकने लेन बदलायला सुरुवात केली. त्याच्या चाकाची नट मला माझ्या डोळ्यांसमोर दिसत होती, डोळ्यांच्या पातळीवर. त्याला आम्ही दिसतच नव्हतो. लेकीने हॉर्न दाबला, ब्रेक मारला, गिअर खाली टाकला, ट्रक समोरून निघून गेला. ती काही बोलली नाही. पुढच्या एक्झिटला बाहेर पडली, एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि स्टिअरिंगला डोकं टेकवून बसली. पंपावरचा मुलगा धावत आला, कारण न्यू जर्सीत पेट्रोल आपण भरायचं नसतं, तोच भरतो. तो बिचारा नळी हातात घेऊन उभा, "रेग्युलर का प्रीमियम?"

तिने गाडी फार छान सांभाळली हे खरं. पण धडक झालीच असती तर भौतिकशास्त्र आमच्या बाजूने नव्हतं. इथली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी नवशिक्या पोरांसाठी छोट्या, हलक्या गाड्या टाळा म्हणूनच सांगते, आणि जास्त ताकदीच्याही टाळा म्हणते. मियाटा दुसऱ्या परीक्षेत पास आहे, पहिल्या परीक्षेत सरळ नापास. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवसानंतर मोठा ट्रक शेजारी असेल तर पुढे निघून जायचं किंवा मागे राहायचं, बाजूला रेंगाळायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवून घेतलं. टर्नपाइकला, म्हणजे इथल्या मोठ्या टोल हायवेला, ती मियाटा नेत नाही, व्हॅन नेते. हो, तीच ८४ वाली व्हॅन.

बाकी किरकोळ. डिकीत दोन दप्तरं आणि लॅक्रोसची काठी तिरकी करून मावते, पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानातली महिन्याची खरेदी मावत नाही. पुढे ग्लोव्हबॉक्स नाही, कागदपत्रं सीटच्या मागच्या कप्प्यात, पोलिसाने थांबवलं तर वळून काढावी लागतील याची तिला आधीच रंगीत तालीम दिलीय. प्रीमियम पेट्रोल घालतो, पण हलकी असल्यामुळे पितेही कमी. विम्याचं विचारणाऱ्यांना: मियाटाचा आणि एका साध्या सेडानचा कोट, म्हणजे कंपनीने सांगितलेला हप्ता, शेजारी ठेवून बघितला, वर्षाला दीडशे डॉलरचा फरक. महागडी असते ती सतरा वर्षांची ड्रायव्हर. मस्टँगचा कोट बघून मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आकडा तोच होता. चांगल्या मार्कांची सवलत मिळाली, तेवढाच अभ्यासाला हातभार.

कुणी विचारलं तर काय सांगतो? हॉर्सपॉवर दोनशेच्या खाली, घसरणारी गाडी आपोआप सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली, म्हणजे इथे २०१२ नंतरचं कुठलंही मॉडेल, मॅन्युअल, दोन सीट, आणि पोर रडली तरी परत क्लच दाबणारी असेल तर बिनधास्त घ्या. हायवेवरून रोज पन्नास मैल जायचं असेल तर नका घेऊ, मोठी गाडी बघा. आमची शाळा चार मैलांवर आहे म्हणून आमचं जमलं.

जूनमध्ये लेक अठराची होईल, लाल पट्ट्या निघतील. ऑगस्टपासून ती कॉलेजला, गाडी घरी. धाकटा पंधरा वर्षांचा, मियाटाभोवती आतापासूनच घुटमळतोय. मी त्याला स्पष्ट सांगितलं, तुला ही मिळणार नाही, तुला व्हिडिओ गेममध्येसुद्धा वळणाआधी ब्रेक मारता येत नाही, तू व्हॅन चालवायची. तो जराही नाराज झाला नाही. "चालेल की बाबा," म्हणाला, "व्हॅनमध्ये सात मित्र बसतात."